कलमी फालसा

झाड लावायचं म्हणजे काय करायचं असतं? खड्डा खणायचा, बी टाकायचं, वर माती लोटायची अन् पाणी घालायचं. आमच्या सेलूच्या घरात मात्र त्याआधी बैठक लागायची. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर मामंजी, त्यांच्यापुढं पानाचा डबा, अन् मग नमनाला घडाभर तेल. इतकी वर्षं झाली, तरी ती बैठक आठवली की माझं डोकं तापतं. तापू द्या. तेव्हा तापायची सोय नव्हती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. निजामाच्या राज्यात तहसीलीत पेशकार होते. तहसीलदारापुढं कागद मांडायचे अन् तो सांगेल तो हुकूम लिहून घ्यायचे, हे त्यांचं काम. पेन्शनीत आले तरी त्यांची सवय गेली नव्हती. भोपळ्याचा वेल गोठ्यावर चढवायचा की भिंतीवर, यावरसुद्धा दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे अन् निकाल पुढच्या आठवड्यावर टाकायचे. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

माझं माहेर हैदराबादेचं. वडील लवकर गेले होते. आई अन् भाऊ भाड्याच्या घरात राहायचे, मालक शेजारच्याच हवेलीत. आमच्या परसात, न्हाणीचं पाणी वाहून जायचं तिथं, फालशाचं झुडूप होतं. फालसा म्हणजे काय ते सेलूत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हालाही सांगायला पाहिजे. जमिनीतूनच भाराभर फांद्या फुटलेलं, कमरेएवढं झुडूप. पानं मोठी, हाताला खरखरीत. उन्हाळ्यात त्याला मण्यांसारखी फळं धरतात. आधी हिरवी, मग लाल, मग काळी-जांभळी. सगळी एकदम पिकत नाहीत. रोज सकाळी जायचं अन् पिकली तेवढीच हलक्या हातानं खुडायची. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटतं, म्हणून ती लांबच्या बाजाराला जात नाहीत. ज्याच्या परसात झाड, त्याच्याच तोंडात फळ.

आई ती फळं पाण्यात कुस्करायची, फडक्यातून गाळायची, काळं मीठ घालायची अन् साखर अगदी बोटावर घेऊन टाकल्यासारखी. आमचा फालसा लय आंबट. पहिल्या घोटाला डोळे आपोआप मिटायचे अन् कानाच्या मागं झणकन जायचं. मिटलेले डोळे उघडेपर्यंत आई हसत उभी असायची. वैशाखात अंगाची लाही होत असायची तेव्हा त्या एका पेल्यानं माणूस पुन्हा माणसांत यायचा.

लग्न होऊन मी सेलूला आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झालेली होती. सेलूत काय नव्हतं? रेल्वे होती, कापसाचा बाजार होता, जिनिंगचा भोंगा होता, सरकीचे ढीग होते. पण आई नव्हती, अन् येणारही नव्हती. आमच्यात लेकीला मूल झाल्याशिवाय आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. मग तहानलेल्या आईनं येऊन करायचं काय? म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की आई नाही तर नाही, तिचं झाड इथं आणायचं. परसातली न्हाणीजवळची एक हातभर जागा मी हेरूनही ठेवली होती. त्या अख्ख्या घरात मला माझं म्हणून तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्या उन्हाळ्यात माहेरी गेले तर भावानं सांगितलं, मालकानं मोटार घेतली आहे अन् ती ठेवायला त्याला आमचं परसू पाहिजे. पुढचा उन्हाळा जाऊ देतो, म्हणाला. मग परसू मोकळं करायचं, म्हणजे फालसाही जाणार. आईनं फांद्या लावून बघितल्या होत्या, त्या काही धरल्या नाहीत. मग तिनं चांगली काळी पिकलेली फळं निवडली, बिया धुतल्या, राखेत घोळून सावलीत वाळवल्या अन् जुन्या धोतराच्या फडक्यात गाठ मारून माझ्या हातात दिल्या.

"पाऊस लागला की लगेच लाव," आई म्हणाली. "हे बी म्हातारं होऊ देऊ नको. दोन-तीन महिन्यांत मरून जातं."

मी सेलूला आले. चार दिवसांनी जमिनीत ओल झाली तशी खुरपं घेऊन न्हाणीजवळ बसले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बघितलं अन् ओट्यावर जाऊन सांगितलं की सूनबाई काहीतरी पेरायलीय. मामंजी खाकरत खाकरत मागच्या दारापर्यंत आले. मी डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिले. काय लावायलीस, असं त्यांनी विचारलं. मी हळूच म्हणलं, फालसा.

मामंजींचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, झालं काम. कुठल्याशा बड्या साहेबाच्या मेजवानीत त्यांनी एकदा फालशाचं सरबत प्यालं होतं. त्याची चव, तो काचेचा पेला, वाढणाऱ्याची शेरवानी, सगळं त्यांनी तिथं दारात उभं राहून सांगितलं. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या फडक्याकडं गेली अन् कपाळाला आठी पडली.

"बियाचं?" मामंजी म्हणाले. "छे छे, पोरी. बियाचं झाड म्हणजे रायवळ. माझ्या सुनेचं पहिलं झाड, ते कलमीच पाहिजे."

इथं घोडं पेंड खायला लागलं. आमच्या भागात झाडांबद्दल जो तो बोलतो तो आंब्याच्या अकलेनं बोलतो. कोयीपासून उगवलेला आंबा तो रायवळ, त्याचं फळ कसं निघेल त्याचा नेम नाही. कलम बांधलेला तो कलमी, तो खात्रीचा. हे आंब्याला ठीक आहे. पण फालसा म्हणजे आंबा नव्हे. फालशाला कुणी कलम बांधत नाही, तो बियापासूनच होतो अन् दुसऱ्या वर्षी फळाला येतो. हे मला माहीत होतं, माझ्या आईला माहीत होतं, हैदराबादेतल्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला माहीत असेल. पण ते सांगायचं कुणी? मामंजींनी माझ्या हातातून फडकं घेतलं, अगदी मायेनं घेतलं, अन् माजघरातल्या देवळीत ठेवून दिलं.

मी आत्याबाईंना सांगितलं. म्हणलं, हे माझ्या आईच्या झाडाचं बी आहे, ते झाड आता जाणार आहे, तेव्हा हेच लावू द्या. आत्याबाई ताडकळसच्या, शेतावरच्या घरातल्या. त्यांना बी म्हणजे काय ते कळायला पाहिजे होतं. त्यांनी मान डोलावली अन् ओट्यावर जाऊन माझं म्हणणं पोचवलं ते असं: "तिच्या आईनं फुकट दिलंय म्हनती, खर्च न्हाई म्हनून."

झालं. मामंजींना वाटलं, सून बिचारी सासरचा खर्च वाचवायला बघती. त्यांचे डोळे भरून आले म्हणे. फुकटचं नको, विहीणबाईंकडून किती घ्यायचं, आपण अव्वल दर्जाचं झाड आणू, असं त्यांनी जाहीर केलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, त्याची ही सुरुवात.

मग जात कोणती आणायची, यावर बैठक लागली. मामंजींचे दोस्त एक हकीमसाहेब होते, ते रोज संध्याकाळी ओट्यावर यायचे. त्यांनी सांगितलं की फालशात दोन जाती. एक शरबती. झाड बुटकं, फळ आंबट, सरबताला चांगलं. दुसरी शकरी. झाड उंच, फळ गोड, नुसतं तोंडात टाकायला. मी चहाची कपबशी घेऊन दाराआड उभी होते. शरबतीचं वर्णन ऐकलं अन् माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आमचाच फालसा तो, बुटका, आंबट, सरबताचा. त्या दोघांना मी काही सांगायच्या आधीच मामंजींचं सुरू झालं. शरबती म्हणजे सरबतासारखी, म्हणजे पाणचट. शकरी म्हणजे साखरी. आता यात विचारायचं काय? त्यात लढाईमुळं साखर मिळेनाशी झालेली, परवान्यावर मिळायची ती चहाला पुरायची नाही. मग आंबट झाड लावून त्यात घालायला साखर कुठून आणायची? मुद्दा बिनतोड होता. हकीमसाहेबांनीही मान्य केलं की शकरी पित्ताला बरी. दोघांनी दोन-तीन संध्याकाळी हा विषय चघळला. ज्या सुनेसाठी झाड लावायचं चाललं होतं तिला गोड आवडतं का आंबट, हे विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. मी तिथंच होते हो, दाराच्या या बाजूला. हाताला कपाचा चटका बसायला लागला होता.

मग मी यांना धरलं. आमचे हे शाळेत मास्तर होते. मराठी पोरांना उर्दूतून भूगोल शिकवायचे अन् घरी आले की कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत. जेवून हात धुवायला मागं आले की त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घालताना मला बोलायला सापडायचं. मामंजींना हे दादा म्हणायचे. मी म्हणलं, तुमी दादांना सांगा, बी वाळून चाललंय. हे म्हणाले, सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हणलं, सांगितलं का? सांगतो. पालथ्या घड्यावर पाणी. त्या तांब्यातलं पाणी मी बियांवर घातलं असतं तर तेव्हाच झाड झालं असतं.

नागपंचमी आली तेव्हा हे एकदाचे हलले. सकाळीच म्हणाले, लावून टाक चल, दादांना मी बघतो. मी खुरपं काढलं तर आत्याबाई धावत आल्या. नागपंचमीला जमीन खणत नाहीत, चिरत नाहीत, हे सूनबाईला माहेरी शिकवलं नाही का म्हणाल्या. शिकवलं होतं. मी खुरपं ठेवून दिलं अन् दुसरा दिवस उजाडायची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी यांचं मत पुन्हा थंड झालेलं. दादांचा कागद गेलाय, उत्तर येऊ दे, असं म्हणून शाळेत निघून गेले.

कागद खरंच गेला होता. हैदराबादेतल्या सरकारी बागेला मामंजींनी दरख्वास्त, म्हणजे अर्ज, धाडली होती. मामंजींचं अक्षर सुंदर, अन् ते त्यांना माहीत होतं. एकेक ओळ तीनतीनदा लिहिली. शकरी जातीचा कलमी फालसा इनायत व्हावा, म्हणजे मेहेरबानीनं मिळावा, असं त्यात होतं, अन् कलमी या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. पोळा उलटून गेल्यावर उत्तर आलं की कलमी फालसा नाही, साधी रोपं मिळतील. मामंजी गालातल्या गालात हसले. आयुष्य कचेरीत गेलेला माणूस तो. नाही असं पहिलं उत्तर येतं ते आळसानं येतं, हा त्यांचा अनुभव. त्यांनी दुसरी दरख्वास्त लिहिली, पहिलीपेक्षा सुंदर.

मग मी स्वतःच गेले. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं म्हणजे काय असतं ते आजच्या पोरींना सांगून कळणार नाही. मामंजी झोपाळ्यावर बसले होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले अन् म्हणलं, मामंजी, मला कलमी नको, मला आईच्याच झाडाचं पाहिजे. हे शब्द मी बोलले. मोठ्यानं बोलले. झोपाळा थांबला.

"तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं, पोरी," मामंजी म्हणाले. "घाई करू नको. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो."

अन् झोपाळा पुन्हा सुरू झाला. रागावले असते तर मी रडले असते, रुसले असते, जेवले नसते. पण ते तर माझ्यावर माया करत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथं बुक्केही मऊ हाताचे होते.

दसऱ्याच्या आधी घर सारवायला काढलं. देवळी झाडताना फडकं हाताला लागलं. मी कुणाला काही न विचारता न्हाणीजवळ गेले, सगळ्या बिया एकाच जागी टाकल्या अन् रोज पाणी घातलं. शेजारची मेथी उगवली, कुणी खाऊन टाकलेली भोपळ्याची बी उगवली, गवत तर कुणी सांगितल्यासारखं उगवलं. फालसा आला नाही. आईनं बजावलं होतं तसंच झालं. बी वाट बघून बघून मेलं होतं.

तरी मी मनाची समजूत घातली की अजून एक उन्हाळा आहे. आईचं झाड अजून उभं आहे, पुन्हा बी आणता येईल. या वेळी सासरी आणायचंच नाही, तिकडंच कुंडीत रोप करायचं अन् जितं झाड घेऊन यायचं. मग बसा म्हणावं कलमी-बिलमी करत.

संक्रांतीला भाऊ वाण घेऊन आला. वडिलांच्या जागी आता तोच, म्हणून ओट्यावरच बसला, पाण्याला शिवला नाही. त्यानं सांगितलं, मालकानं घाई केली, परसू आत्ताच घेतलं. फालशाच्या फांद्या पौषात बुडापर्यंत छाटाव्या लागतात. नवीन फुटीवरच त्याला फळ येतं. आईनं नेहमीसारखी छाटणी केली होती. मालकाच्या माणसांना नुसती खुंटं दिसली, वाळलेलं झाड समजून त्यांनी मुळासकट उपटून काढलं. आई आत चुलीपाशी होती. बाहेर आली तोवर तिथं मोटारखान्याच्या पायाची दोरी लागलेली होती. पुढच्या महिन्यात आई अन् भाऊ ते घरच सोडणार होते.

मी माजघरात जाऊन रडले, चांगली पोटभर रडले. झाडासाठी कुणी इतकं रडतं का, असं आत्याबाई म्हणाल्या. मामंजींनाही वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते खोटं कधी बोलायचे नाहीत. मग म्हणाले, बरं झालं, आपला कलमी येतोय. ऐकलंत? बरं झालं म्हणाले. मी तेव्हा पोळी लाटत होते, ती पोळपाटाला चिकटेपर्यंत लाटली.

पुढच्या पावसाळ्यात रोपं आली. रेल्वेनं आली, मातीच्या कुंड्यांत, तरटात बांधून. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की फालसा शकरी, बियापासून तयार केलेली रोपं. मी म्हणलं, आता तरी मामंजींना चूक कळेल. बैल गेला अन् झोपा केला, पण झोपा तरी केला. मामंजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला अन् ओट्यावर सगळ्यांना ऐकवलं की बी असलं तरी सरकारी बी आहे. हकीमसाहेबांनी दाद दिली. यांनी खड्डा खणला, तोही न्हाणीजवळ नाही. अव्वल दर्जाच्या झाडाला सांडपाण्याची जागा शोभत नाही म्हणून अंगणात, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. त्याला हळदकुंकू वाहिलं. मला नमस्कार करायला लावला.

झाड आलं, झपाट्यानं आलं. पौष लागला तशी मी आत्याबाईंना म्हणलं की आता हे छाटायला पाहिजे, नाहीतर नुसता पाला होईल. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मला तेव्हा दिवस गेलेले होते, सहावा लागला होता. गरवार बाईच्या घरात कुणी हिरव्या झाडाला कोयता लावतं का? बरोबर आहे, नसेल लावत. झाड वाढत गेलं, ओट्याच्या पत्र्याला लागलं. चैत्र सरता सरता मला मुलगी झाली अन् वैशाखात झाडाला फळं धरली. मोजकीच धरली, तीही शेंड्याला, जिथं फक्त बुलबुल पोचायचे. मामंजी बांबूला लाल फडकं बांधून सकाळपासून त्यांना हाकलत बसायचे. पेन्शनीतल्या माणसाला तेवढं काम मिळालं.

माझं बाळंतपण सासरीच झालं. आई अन् भाऊ एका खोलीत राहायला गेले होते, तिथं मला नेणार कुठं? पण आता मला मूल झालं होतं, आईला माझ्या घरचं अन्न चालणार होतं. बारशाला ती आली. आधीच बारीक असलेली बाई आता नुसती काडी राहिली होती. तिनं नातीला बघितलं, माझ्या केसांवरून हात फिरवला. मग अंगणातल्या झाडाकडं तिची नजर गेली अन् ती क्षणभर तिथंच थांबली.

मामंजी या दिवसाची वाट बघत होते. स्वतः शिडीवर चढून त्यांनी फळं काढली होती, स्वतः आत्याबाईंकडून सरबत करून घेतलं होतं. त्यांनी आईला मानानं ओट्याच्या दाराशी पाट मांडून बसवलं अन् पेला तिच्यापुढं ठेवायला लावला. माझ्या घरी आईच्या पोटात जाणारं ते पहिलं काही. मी बाळाला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडं बघत बसले. आईनं घोट घेतला. तिचे डोळे मिटले नाहीत.

"कसं हाय, विहीणबाई?" मामंजींनी विचारलं.

"अगदी आमच्या झाडासारखं," आई म्हणाली.

मामंजींनी सगळ्यांकडं बघितलं. चांगली जात निवडायला वेळ लागतो तो असा वसूल होतो, असं काहीसं म्हणाले. मला पुढचं ऐकू आलं नाही. मी बाळाला पाळण्यात टाकलं अन् आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले. तिथं ती उरलेल्या सरबतात लिंबू पिळत होती. पिळलं, ढवळलं, चव घेतली, अन् अजून एक फोड घेतली.

"तू खोटं का बोललीस?" मी विचारलं. "हे आपल्यासारखं आहे का? हा आंबट तरी आहे का?"

आईनं हात थांबवला नाही. "तुला या घरात राहायचंय," ती म्हणाली. "मी परवा जाईन."

तिथं माझी सहनशक्ती संपली. दोन वर्षं मी हे त्याच्याकडून त्याला, त्याच्याकडून याला असं सांगत आले होते, दाराआडून सांगत आले होते, हातावर पाणी घालत सांगत आले होते. मी पदर खोचला अन् सरळ ओट्यावर गेले. मामंजी, आत्याबाई, हे, तिघंही तिथं होते. मी मामंजींच्या समोर उभी राहिले.

"हे झाड माझ्या आईच्या झाडासारखं नाही," मी म्हणलं. "आईचं आंबट होतं. तिनं बी दिलं होतं. मला तेच लावायचं होतं, हे नको होतं."

मामंजींच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांचा चेहरा एवढा उतरला की मलाच कसंतरी झालं. लबाडी नव्हती हो त्यात, काडीची नव्हती.

"मग तवाच सांगायचं न्हाई का, पोरी?" ते म्हणाले. "एक शब्द बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी लावलं असतं." मग यांच्याकडं वळले. "तुला बोलली होती का रे कधी?"

यांनी आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं अन् मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, आमच्यापाशी तर कधी विषय काढला न्हाई. मी दाराकडं बघितलं. लिंबाचे हात पदराला पुसत आई तिथं येऊन उभी होती. सगळ्या जगात तिला तरी ठाऊक होतं. तिनंच फडक्याला गाठ मारली होती.

आई मामंजींकडं बघून ओशाळल्यासारखं हसली. "लहानपणापासून अशीच हाय ती," ती म्हणाली. "मनातलं कुणाला सांगतच न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामंजींनी सुस्कारा सोडला, मोकळा झाल्यासारखा. तेवढ्यात आत पाळण्यातली पोर रडायला लागली. तिचं मात्र सगळ्यांना लगेच ऐकू आलं.